बीभत्स, हिडीस की ओंगळ? आणि त्या ओढीला काय म्हणायचं?

काजूबोंडू
मंडळी, एका शब्दासाठी अडलोय. फोंड्याला आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा एका मित्राच्या काजूच्या गोदामात पडदा लावून सिनेमे बघतो. पुढच्या खेपेचा विषय 'एक्स्ट्रीम अंडरग्राउंड हॉरर'. म्हणजे थेटरात कधीच न लागणारे, दोन-चार जणांनी खिशातले पैसे घालून काढलेले सिनेमे. त्यात कापाकापी, आतडी, ओकाऱ्या सगळं अगदी जवळून आणि नको तितका वेळ दाखवतात. दर खेपेला मी मराठीत एक पानाचं टिपण लिहून वाटतो. या वेळी पहिल्याच ओळीत गाडी अडकली.

'भयपट' लिहिलं, पण या सिनेमांत भीती वाटतच नाही. दार करकरणं, पायऱ्यांवर पाऊल वाजणं, असलं काही नसतं. सगळं समोर, दिव्याच्या लख्ख उजेडात. येते ती किळस. आणि तरीही उठून कोणी जात नाही. तर प्रश्न दोन. या सिनेमाला काय म्हणावं? आणि तो बघायला लावणाऱ्या ओढीला काय म्हणावं?

'अंडरग्राउंड'साठी 'भूमिगत' लिहून पाहिलं. बाबांनी कागद उचलला आणि विचारलं, "मुक्तिलढ्यावर आहे काय रे? कोणाची मुलाखत?" खोडलं.

सोलकढी
बाबांचं बरोबर आहे! 'भूमिगत' हा शब्द गोव्यात १९६१ च्या आधीच्या माणसांनी कायमचा राखून ठेवलेला आहे, तिथे आतडी घेऊन जाऊ नकोस. 'आडवाटेचा सिनेमा' म्हण. किंवा साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकं निघायची ना, स्वतःच सायक्लोस्टाइल करून स्वतःच वाटायची? कारभार तोच. त्या चालीवर 'अनियत सिनेमा' म्हणता येईल. मला तो शब्द आवडतो, पण गोदामात कोणाला कळणार नाही.

'शॉक'साठी 'धक्का' मात्र वापरू नको. एक तर टीव्हीवाल्यांनी 'धक्कादायक!' इतका झिजवलाय की भाजी महाग झाली तरी धक्कादायक. दुसरं म्हणजे आमच्याकडे धक्का म्हटलं की मासेमारी धक्का. 'धक्कापट' वाचून लोकांना वाटेल ट्रॉलरवर माहितीपट आहे.

मास्तर (निवृत्त)
काजूबोंडू, तुमचा पहिला प्रश्न भरतमुनीने निकालात काढलेला आहे. तुम्ही वर्णन केलंत तो भयानक नव्हे, बीभत्स. नाट्यशास्त्रात हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. एवढ्यावर थांबलं असतं तर ती परीक्षेतली जोडी लावा झाली असती. पण भरत पुढे दोन गोष्टी सांगतो, त्या तुमच्या टिपणात घालण्यासारख्या आहेत.

पहिली, 'बीभत्साच्च भयानकः'. भयानक हा बीभत्सातून उपजतो. म्हणजे किळस आधी, भीती नंतर. तुमचे सिनेमे आईच्या घरीच थांबतात, लेकीकडे जातच नाहीत.

दुसरी, बीभत्साचे प्रकार सांगताना तो म्हणतो, 'विष्ठाकृमिभिरुद्वेगी क्षोभजो रुधिरादिजः'. विष्ठा, किडे यांनी होतो तो उद्वेगी. रक्त, आतडी वगैरेंनी होतो तो क्षोभज. एकात पोट ढवळतं, दुसऱ्यात मन ढवळतं. आपण दोन्हीला सरसकट 'किळसवाणं' म्हणतो. भरताने कप्पे वेगळे ठेवले.

हे ऐकून तो रंगमंचावर रक्त सांडू द्यायचा असं समजू नका. युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवायचं नाही, प्रवेशकातून (दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून) सांगायचं, असा त्याचा दंडक. वर्णनाला मात्र मोकळीक. काव्यशास्त्रकार मम्मटाने बीभत्साचं उदाहरण म्हणून घेतलाय तो भवभूतीच्या मालतीमाधवातला पाचव्या अंकातला श्लोक: स्मशानात एक पिशाच प्रेताचं कातडं सोलून, खांद्याचं, पाठीचं मांस खाऊन, शेवटी हाडांच्या सांध्यात अडकलेलं शांतपणे कोरून खातंय. मी बारावीला तो शिकवताना दरवर्षी शेवटच्या बाकावरची मुलं पुढे सरकायची. शृंगाराला एवढी सरकत नसत.

आणि कृपा करून 'बिभत्स' लिहू नका. पहिली वेलांटी दीर्घ.

काजूबोंडू
सर, हे भारीच निघालं. इंग्रजी 'गोअर' शब्दाची गंमतही जवळपास हीच आहे. जुन्या इंग्रजीत 'गोर' म्हणजे शेण, घाण. साकळलेलं रक्त हा अर्थ पुष्कळ नंतरचा. म्हणजे तो शब्द भरताच्या उद्वेगीतून निघून क्षोभजात जाऊन बसला.

'स्प्लॅटर' हा दुसरा शब्द चालतो, तो दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने स्वतःच्या सिनेमाबद्दल वापरला आणि रूढ झाला. त्याचं मराठी 'शिंतोडापट' करून पाहिलं.

सोलकढी
शिंतोडापट म्हणजे निवडणुकीवरचा सिनेमा. नको.

शंकेखोर
बीभत्सपट लिहायला माझी हरकत नाही, पण आजचा मराठी वाचक 'बीभत्स' कुठे वाचतो? 'बीभत्स नाच', 'बीभत्स हावभाव', 'बीभत्स गाणी'. म्हणजे अश्लील. माझ्या काकूच्या हातात तुमचं टिपण पडलं तर तिला वाटेल गोदामात निळे सिनेमे लावताहेत.

मास्तर (निवृत्त)
काकूंना सांगा, भरताच्या मते बीभत्साचा रंग निळाच आहे. भयानकाचा काळा.

सोलकढी
😄 आणि इटलीत खुनाखुनीच्या सिनेमांना 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा, कारण तिकडच्या स्वस्त गुन्हेकथांची मुखपृष्ठं पिवळी असायची. आपल्याकडे पिवळं पुस्तक म्हटलं की काकू पुन्हा बेशुद्ध.

रंगपेटी
मी जत्रेच्या नाटकांना चाळीस वर्षं रंगभूषा करतो, म्हणून मध्ये तोंड घालतो. तुम्ही बघणाऱ्याच्या बाजूने शब्द शोधताय. करणाऱ्याच्या बाजूने बघा.

रक्त करणं हे कसब आहे. नुसता लाल रंग पाण्यात घातला की ते सरबत दिसतं. साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग, आणि त्यात चिमूटभर कोको. कोकोशिवाय रक्त तरुण दिसतं, साकळलेलं दिसत नाही. एकदा धयकाल्याला (जत्रेतल्या दशावतारी नाटकाला) पाक संपला म्हणून घरातलं कोकमाचं आगळ वापरलं. रंग काय उतरला! पण मेलेला माणूस जीभ बाहेर काढून ओठ चाटायला लागला, आणि पुढच्या रांगेतली बायकामुलं फुटली. तेव्हापासून आगळ बंद.

दशावतारातल्या संकासुराचं तसंच. काळा झगा, काळं तोंड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. तो आला की लहान मुलं आईच्या पदरात तोंड घालतात आणि दोन मिनिटांनी पदर बाजूला करून बघतात. मी विंगेतून नाटक बघत नाही, ती पोरं बघतो. पदर पुरता डोळ्यांवर कोणीच घेत नाही. एक फट राहतेच.

सोलकढी
नरकासुराचंही ना! दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावरची मुलं दात, सुळे, बाहेर आलेले डोळे करायला आठवडा घालवतात. जितका हिडीस तितका 'एकदम बेस्ट'. पहाटे जाळायचाच असतो, तरी जीव ओतून हिडीस करतात.

शंकेखोर
बघा, तुम्ही नरकासुराला 'हिडीस' म्हणालात आणि ते कौतुकाने म्हणालात. एरवी हिडीसमध्ये फटकार असते. 'काय हिडीस प्रदर्शन मांडलंय!' हा शब्द वस्तूला लागत नाही, मांडणाऱ्याच्या हेतूला लागतो. गळू हिडीस नसतं, किळसवाणं असतं. ते गळू मुद्दाम कोणाच्या ताटाशेजारी आणून दाखवलं की झालं हिडीस.

ओंगळ वेगळं. ओंगळ माणूस काही दाखवायला जात नाही, तो नुसता अंघोळ करत नाही. आणि शिसारी ही वागण्याची पण येते, किळस बहुतेक वेळा वस्तूची. वीट तर चांगल्याचाही येतो, मोदकांचासुद्धा.

तर माझं म्हणणं, तुमच्या यादीतले निम्मे सिनेमे बीभत्स असतील, निम्मे नुसते हिडीस. एकच शब्द सगळ्यांना लावून त्यांना संस्कृतचं सोवळं नेसवू नका.

काजूबोंडू
हे मान्य. फरक बघताना कळतोच. एकात माणूस मरतो तेव्हा कॅमेरा गप्प बसतो. दुसऱ्यात कॅमेरा तुमच्याकडे वळून 'काय, कसं वाटलं?' विचारत असतो.

तारवटी
मी बोटीवर होतो, आता घरी. ८७-८८ ची गोष्ट. सुट्टीवर येताना आम्ही सगळेच व्हीसीआर आणि कॅसेटी आणायचो. बोटीवर कॅसेटींची अदलाबदल चालायची. एका जपानी बंदरात मिळालेली एक कॅसेट होती, तिच्यावर नाव नाही, नुसती पांढरी चिठ्ठी. ती कॉपीची कॉपीची कॉपी. चित्र हिरवट, खाली ट्रॅकिंगच्या रेषा नाचताहेत, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. आत एक माणूस एका बाईला बांधून कापतोय. बस्स, तेवढंच. कथा नाही, गाणं नाही, नावांची पाटी नाही.

घरी आणली ती एका पावसाळ्यात. पत्र्यावर पाऊस, खोलीत आम्ही चौघे भाऊ, दाराला कडी. पावसाळ्यात टेपेला बुरशी धरायची, त्यामुळे दर पाच मिनिटांनी चित्र जाऊन नुसते मुंग्यांचे ठिपके. मग कॅसेट बाहेर काढ, स्पिरिटच्या कापसाने हेड पूस, पुन्हा घाल. सांगण्याची गोष्ट ही, की त्या मुंग्या आल्या की सगळे सुटकेचा श्वास टाकायचे, आणि हेड पुसायला चौघेही धावायचे.

आमची मावशी दारातून डोकावली. आरडाओरडा करेल वाटलं. ती तशीच उभी राहिली, पदर तोंडावर, पाच मिनिटं. मग कोकणीत म्हणाली, "पळोवंक जायना, सोडूंक जायना." बघवत नाही आणि सोडवत नाही. काजूबोंडूच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

काजूबोंडू
तारवटीबाब, तुम्ही सांगता ती बहुधा जपानातल्या 'गिनी पिग' नावाच्या मालिकेतली असावी. ती १९८५ मध्ये सुरू झाली. कॉपी खराब असणं हाच तिचा अर्धा परिणाम होता. १९९१ मध्ये एका हॉलिवूड नटाला तिच्यातला एक भाग कोणीतरी दाखवला, त्याला तो खरा खून वाटला आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेलं. चौकशीत निघालं, सगळी रंगपेटी! स्वच्छ डिस्कवर बघितलं तर मांडी रबरी आहे हे दिसतं. तुमच्या हिरवट कॅसेटीत ते दिसायला जागाच नव्हती.

आडवाटेच्या सिनेमाची जादू मला इथेच वाटते. थेटरात दिवे, तिकीट, समोसा, सेन्सॉरची पाटी हे सगळं सांगत असतं की काळजी नको, कोणीतरी आधी बघून पास केलंय. पांढऱ्या चिठ्ठीच्या कॅसेटीला पाठीमागे कोणीच नसतं.

रंगपेटी
त्या माणसांना सलाम. एफबीआयचं सर्टिफिकेट आमच्या धंद्यात कोणाला मिळतं?

शंकेखोर
सलाम जपून. १९८० चा इटालियन 'कॅनिबल होलोकॉस्ट' घ्या. त्याच्या दिग्दर्शकावर नटांना खरंच मारल्याचा संशय आला, कारण त्याने नटांशी करार केला होता की वर्षभर कुठे दिसायचं नाही. शेवटी जिवंत नट आणून दाखवावे लागले. इथवर तुमच्या गोदामात टाळ्या पडतील. पण त्यात जनावरं मारली ती खरीच मारली. कासव कापलं ते खरं. त्याला बीभत्स रस म्हणायचं का? रस म्हणायला निदान कोणीतरी नाटक करत असलं पाहिजे. कासव नाटक करत नव्हतं.

मास्तर (निवृत्त)
शंकेखोर, उत्तम. तिथे 'रस' शब्द लागू होत नाही. शास्त्रकारांच्या लेखी लौकिक जुगुप्सा वेगळी आणि बीभत्स रस वेगळा. रस्त्यावर अपघात बघून येते ती जुगुप्सा. तिचा आस्वाद घेणाऱ्याला रसिक म्हणत नाहीत.

शंकेखोर
विकृत म्हणतात.

सोलकढी
'विकृत' एवढ्या सहज नको ना. हा शब्द म्हणजे चर्चेच्या दाराला कडी. एकदा लावली की आत काय चाललंय ते कळतच नाही. अपघात झाला की बसमधली सगळी खिडकीकडे सरकतात, सगळीच विकृत? मी मडगावच्या बाजारात बसते. मासे कापून देणाऱ्या बाईसमोर गिऱ्हाइकं उभी असतात, आदोळीवर (विळीवर) इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, पोट फाटतं, आतडी एका बाजूला. नवी सून पहिल्यांदा तोंड फिरवते. चौथ्या वेळी 'गाबोळी आहे का बघ गो' म्हणते, म्हणजे माशाची अंडी. किळस शिकलेली असते, ती उतरतेही.

ओढीसाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी चिकटलेलं आहे. 'आंबटशौक' म्हणावं तर तो बायकांकडे बघणाऱ्यांनी पळवला. 'चटक' चवीची. 'नाद' वाया गेलेल्यांचा. 'खुमखुमी' भांडणाची. 'कुतूहल' फारच सोज्वळ, शाळेच्या प्रयोगशाळेतलं. 'खाज' खरं तर सगळ्यात जवळ, पण टिपणात छापणार का?

काजूबोंडू
मला जवळची वाटते ती खपली. गुडघ्यावरची खपली उचकटतो तशी ती ओढ. दुखणार माहीत असतं, आई ओरडणार माहीत असतं, पण कडेला नख लागलं की थांबवत नाही. पण खपलीचं क्रियापद आहे, त्या ओढीला नाव नाही.

मिरचीचंही तसंच. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही मिरची, रोलरकोस्टरचे झोके आणि रडवणारे सिनेमे एका माळेत ओवलेत. शरीर 'धोका, धोका' ओरडत असतं आणि डोक्याला माहीत असतं की धोका नाही, त्या दोघांच्या तफावतीची मजा. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पोर्तुगिजांनी मिरची आणली आणि आपण खोला गावच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळवलं. नाक गळतंय, डोळे गळताहेत, तरी आणखी एक चमचा आमटी.

मास्तर (निवृत्त)
आता व्याकरणाचं एक सांगतो, मग झोपतो. 'जिज्ञासा' म्हणजे जाणण्याची इच्छा, 'पिपासा' म्हणजे पिण्याची इच्छा. धातूला इच्छार्थी 'सन्' प्रत्यय लागून हे शब्द होतात. 'जुगुप्सा' याच साच्यातला, गुप् धातूला सन्. 'बीभत्स' सुद्धा, बध् धातूला सन्. म्हणजे संस्कृतात किळसेच्या शब्दाने कपडे घातलेत ते इच्छेचे.

पाणिनीने हे शब्द दोन लागोपाठच्या सूत्रांत नोंदवले. पहिल्या सूत्रात जुगुप्सेच्या शेजारी कोण बसलंय? चिकित्सा. दुसऱ्यात बीभत्साच्या शेजारी? मीमांसा. (ती दीर्घ वेलांटी याच सूत्राने येते, म्हणून मी मघाशी ओरडलो.) किळस आणि चौकशी एकाच बाकावर. या ठिकाणी सन् इच्छेच्या अर्थाने नाही, असं वैयाकरण बजावतात, त्यामुळे यावर फार इमले बांधू नका. पण शेजार लक्षात ठेवा.

सोलकढी
सर, मला मराठीतलं एक आत्ता सुचलं. आपण 'भीती वाटते' म्हणतो, 'भीती येते' म्हणत नाही. किळस मात्र 'येते'. शिंक येते, जांभई येते, ओकारी येते, काटा येतो. शरीराच्या कामांना आपण 'येणे' लावतो. भीतीला डोकं लागतं, किळसेला लागत नाही.

आणि त्याच रांगेत हसू पण 'येतं'.

काजूबोंडू
हेच! गोदामात सगळ्यात जास्त काय ऐकू येतं माहीत आहे? हसणं. गेल्या खेपेला एका दृश्यात पोट फाडलं आणि एकाने मोठ्याने 'गाबोळी!' म्हटलं, पाच मिनिटं कोणाला सिनेमा दिसला नाही. बाहेरच्याला वाटेल ही माणसं निर्दय आहेत. पण ते शिंकेसारखं येतं.

पॅरिसमध्ये 'ग्रां गिन्योल' नावाचं नाटकघर होतं, १८९७ ते १९६२. रोज रंगमंचावर डोळे काढणं, गळे चिरणं. किती प्रेक्षक बेशुद्ध पडले यावर प्रयोग किती रंगला ते मोजायचे, आणि थेटरात डॉक्टर ठेवलेला असायचा. पण एका रात्रीत दोन-तीन भयंकर छोटी नाटकं आणि मध्ये फार्स, अशी ताटं वाढायचे. किळस आणि हसू एका पंगतीत.

शंकेखोर
मी थोडा मऊ झालो, लिहून ठेवा. एक शब्द देतो. मराठीत 'भिकेचे डोहाळे' म्हणतात. गरोदर बाईला माती खावीशी वाटते, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. ती विकृत नसते, तिला डोहाळे लागलेले असतात, आणि ते काही दिवसांनी जातात. 'किळसेचे डोहाळे' म्हणा. थोडा टोमणा आहे, थोडी माया आहे. कोणाला कायमचा शिक्का बसत नाही.

तारवटी
मावशीला आवडलं असतं.

मास्तर (निवृत्त)
मला 'जुगुप्सारती' सुचला होता, पण शंकेखोरांचा घ्या. माझा छापला तर पेपर तपासायला मलाच बोलावतील.

काजूबोंडू
मंडळी, सगळ्यांचे आभार. टिपणाची सुरुवात अशी केली आहे, चुका काढा:

"आज आपण बघणार आहोत ते भयपट नव्हेत, बीभत्सपट. (काकूंसाठी: निळे नव्हेत.) आडवाटेने आलेले, कोणी पास न केलेले. यातले काही नुसते हिडीस आहेत, तेही मुद्दाम ठेवले आहेत, फरक बघता यावा म्हणून. खऱ्या जनावरांना मारलेला सिनेमा या यादीत नाही. ज्यांना किळसेचे डोहाळे लागले आहेत त्यांनी पुढे बसावं. बाकीच्यांनी पदर घेऊन यावं, फट ज्याची त्याने ठेवावी. पळोवंक जायना, सोडूंक जायना."

रंगपेटी
'पदर घेऊन यावं' झकास. मी येतो. जेवून यायचं की उपाशी?

काजूबोंडू
उपाशी. सिनेमा संपल्यावर चौकातल्या गाड्यावर रोस-ऑमलेट, रश्श्यात बुडवलेलं.

रंगपेटी
रोस लाल असतो, आत्ताच सांगून ठेवतो.